वेदनेचे ऐकणारा डॉक्टर

घाटकोपर किंवा मुलुंडहून परळकडे निघालेल्या लोकलच्या महिला डब्यात अधूनमधून एक दृश्य दिसते. एखाद्या तरुण आईच्या मांडीवर महिना-दीड महिन्याचे तान्हे मूल असते आणि दुपट्यातून त्याचा पांढऱ्या प्लास्टरमध्ये बांधलेला पाय बाहेर डोकावत असतो. शेजारच्या बायका हळहळतात. मूल पडले का, हाड मोडले का, अशी विचारपूस सुरू होते. हाड मोडलेले नसते. आत आणि खाली वळलेले पाऊल घेऊनच ते मूल जन्माला आलेले असते. वैद्यकशास्त्रात या व्यंगाला क्लबफूट म्हणतात. साधारणपणे हजार मुलांमागे एकाच्या वाट्याला ते येते आणि मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक आढळते.

आपल्याकडे अशा मुलाचे पाऊल पाहिले की पहिले बोट आईकडे रोखले जाते. गरोदरपणी ग्रहणात विळी हातात धरली असेल, काही चिरले असेल, असे घरातली वडीलधारी माणसे ठरवून टाकतात. ग्रहणाचा आणि पावलाचा काहीही संबंध नाही. हे व्यंग आईच्या कोणत्याही चुकीने होत नाही आणि वेळेवर उपचार झाले तर असे मूल शाळेच्या मैदानावर इतरांच्या बरोबरीने धावू शकते. त्यासाठी मोठी शस्त्रक्रिया बहुधा लागत नाही. दर आठवड्याला पाऊल हळुवारपणे थोडेसे सरळ करायचे, तेवढ्यावर प्लास्टर घालायचे, पुढच्या आठवड्यात ते काढून आणखी थोडे सरळ करायचे, असा हा उपचार आहे. जोर लावायचा नाही, हे त्याचे मर्म.

ही पद्धत आज जगभर डॉ. इग्नासिओ पोन्सेती यांच्या नावाने ओळखली जाते. ती त्यांनी अमेरिकेतील आयोवा येथे विकसित केली. त्याच सुमारास, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, आपल्या देशात वेल्लोरच्या मिशन रुग्णालयात एका तरुण शल्यविशारदाला जवळपास हेच सत्य स्वतंत्रपणे उमगले होते. त्याने पुढे नाव कमावले ते कुष्ठरोगाच्या क्षेत्रात. त्यामुळे तान्ह्या बाळांच्या वाकड्या पावलांवर त्याने केलेले काम काहीसे विस्मरणात गेले. मात्र त्याच्या आयुष्यभराच्या वैद्यकीय विचाराचे बीज त्या बाळांच्या पावलांतच होते. त्याचे नाव डॉ. पॉल ब्रँड.

कोल्ली टेकड्यांतील बालपण

पॉल विल्सन ब्रँड यांचा जन्म १७ जुलै १९१४ रोजी उटी येथे झाला. त्यांचे वडील जेसी आणि आई एव्हलिन हे बॅप्टिस्ट पंथाचे इंग्रज मिशनरी होते. तामिळनाडूतील कोल्ली टेकड्यांमध्ये त्यांनी संसार थाटला होता. तिथे धड रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता आणि मलेरियाचे थैमान असे. जेसी मूळचे बांधकाम व्यवसायातले. मिशनरी होण्यापूर्वी त्यांनी लंडनच्या लिव्हिंगस्टन कॉलेजमध्ये जुजबी वैद्यकीय शिक्षण घेतले होते. तेवढ्या शिदोरीवर ते दात काढत, गळवे फोडत, जखमा बांधत आणि घरेही उभारत.

धर्मप्रसाराच्या हेतूने आलेल्या या कुटुंबाचे स्वागत सुरुवातीला कोणी केले नाही. स्थानिक पुजाऱ्याचा त्यांना उघड विरोध होता. पहिल्या महायुद्धानंतर इन्फ्लुएन्झाची साथ टेकड्यांवर पोहोचली, तेव्हा या पुजाऱ्याच्या घरावरही आपत्ती ओढवली. लोक एकमेकांच्या घराकडे फिरकेनासे झाले होते. जेसी आणि एव्हलिन मात्र आजाऱ्यांची शुश्रूषा करीत फिरत राहिले. मरणाच्या दारात असताना पुजाऱ्याने आपल्या तान्ह्या मुलीला या परक्या दांपत्याच्या हवाली केले. प्रवचनांनी जे साधले नव्हते, ते शुश्रूषेने साधले.

लहानग्या पॉलच्या मनावर मात्र वेगळाच ठसा उमटला. वडिलांच्या दवाखान्यातले रक्त, पू आणि दुर्गंधी यांची त्याला किळस बसली. एकदा हातापायांची बोटे झडलेले तीन अनोळखी लोक वडिलांकडे आले. जेसींनी मुलांना दूर पिटाळले आणि हातमोजे घालून त्या तिघांच्या जखमा बांधल्या. ते कुष्ठरुग्ण होते. ते निघून गेल्यानंतरही ती जागा टाळायची, हे मुलाला न सांगता कळले. पुढे ज्या रोगासाठी त्याने आयुष्य वेचले, त्याची ही पहिली भेट भीतीची होती.

१९२३ मध्ये नऊ वर्षांच्या पॉलला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला शिक्षणासाठी लंडनला आजी आणि मावश्यांकडे ठेवण्यात आले. आईवडील टेकड्यांवर परतले. पित्याशी उरला तो केवळ पत्रांचा धागा. १९२९ मध्ये मलेरियाच्या एका घातक प्रकाराने जेसी यांचा मृत्यू झाला. तार आली, पण त्यानंतरही बोटीने निघालेली वडिलांची पत्रे कित्येक दिवस येत राहिली.

गवंडीकाम ते शल्यक्रिया

शालेय शिक्षण संपल्यावर एका नातेवाइकाने वैद्यकीय शिक्षणाचा खर्च उचलण्याची तयारी दाखविली होती. पॉलने ती नाकारली. रक्त आणि पू यांची किळस गेलेली नव्हती. वडिलांप्रमाणे त्याने बांधकामाचा मार्ग धरला. सुमारे पाच वर्षे तो सुतारकाम, गवंडीकाम, दगड घडविणे शिकत राहिला. कोणत्या लाकडाला किती ताण सोसेल आणि दगडाला कोठे टोला द्यावा, हे त्याच्या हातांना समजू लागले. ही उमेदवारी वाया गेली असे तेव्हा कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात मानवी सांध्यांकडे आणि स्नायूंकडे यंत्ररचना म्हणून पाहण्याची दृष्टी त्याला तिथेच मिळाली.

मिशनरी म्हणून भारतात परतण्याच्या तयारीसाठी त्याने लिव्हिंगस्टन कॉलेजचा तोच जुजबी वैद्यकीय अभ्यासक्रम पूर्ण केला. त्या काळात एका रात्री रुग्णालयात अपघातात अतोनात रक्तस्राव झालेल्या एका तरुणीला आणण्यात आले. चेहरा पांढराफटक पडलेला, नाडी लागेना. बाटलीतले रक्त तिच्या शरीरात जाऊ लागले आणि हळूहळू गालांवर रंग चढला, डोळे उघडले. ज्या रक्ताची आयुष्यभर किळस केली, तेच रक्त प्राण परत आणताना पाहून पॉलचा निर्णय बदलला. १९३७ मध्ये त्याने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये प्रवेश घेतला. तिथेच त्याची मार्गारेट बेरी या सहाध्यायिनीशी ओळख झाली आणि १९४३ मध्ये दोघांचा विवाह झाला.

हे सारे शिक्षण दुसऱ्या महायुद्धाच्या सावटाखाली झाले. लंडनवर जर्मन विमाने बॉम्ब टाकीत होती. रात्रीच्या रात्री जखमींचे लोट रुग्णालयात येत. हात चेचलेले, भाजलेले सैनिक आणि नागरिक यांच्यावर उपचार करताना ब्रँड यांना हाताच्या शस्त्रक्रियेची गोडी लागली. याच काळात ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील लहान मुलांच्या नामवंत रुग्णालयात ते काम करू लागले. तिथे क्लबफूटचे उपचार डेनिस ब्राउन या मातब्बर शल्यविशारदाच्या देखरेखीखाली होत. पाऊल बळाने सरळ करायचे आणि आधारपट्टीत जखडायचे, अशी तिथली रीत होती. पाऊल लवकर आणि पूर्ण सरळ होण्याला महत्त्व होते. बाळ किंचाळले तरी तो उपचाराचा भाग मानला जाई.

वेल्लोरची तान्ही बाळे

१९४६ च्या अखेरीस ब्रँड भारतात परतले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजला पदव्युत्तर पात्रतेच्या शल्यविशारदांची निकड होती. डॉ. आयडा स्कडर या अमेरिकी मिशनरी डॉक्टरने १९०० मध्ये एका खाटेपासून सुरू केलेला हा व्याप तोवर मोठे रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय बनला होता. कुष्ठरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी आग्रह धरून ब्रँड यांना तिथे आणले. पुढच्याच वर्षी मार्गारेट दोन लहान मुलांना घेऊन आल्या. त्या पुढे नेत्रशल्यविशारद म्हणून नावारूपाला आल्या. देश स्वतंत्र होत होता, इंग्रज अधिकारी घरी परतत होते आणि हे जोडपे उलट्या दिशेने आले होते.

वेल्लोरच्या बाह्यरुग्ण विभागात ब्रँड यांना असे काही दिसले, जे लंडनमध्ये दिसणे शक्य नव्हते. खेड्यापाड्यांतून येणारी मोठी मुले आणि प्रौढ माणसे पावलाच्या बाहेरच्या कडेवर, कधी पावलाच्या वरच्या भागावर भार देत चालत येत. जन्मापासून त्यांच्या पावलांना कोणी हात लावलेला नव्हता. कडेच्या कातडीला जाड घट्टे पडले होते. पण त्या पावलांची तपासणी करताना ब्रँड चकित झाले. आतले स्नायू, अस्थिबंध, त्वचा हे सारे मऊ आणि लवचीक होते. लंडनमध्ये बाळपणी उपचार झालेली जी पावले त्यांनी पाहिली होती, ती दिसायला सरळ असली तरी आतून ताठ झालेली होती.

या विसंगतीचा त्यांनी अर्थ लावला. बळाने वळविताना बाळाच्या पावलातले सूक्ष्म तंतू फाटतात. शरीर ती जखम भरून काढते, ती व्रणाच्या चिवट ऊतीने. ही ऊती आकसते, ताणली जात नाही. म्हणजे पाऊल सरळ करण्याच्या घाईत डॉक्टरच त्याचा लवचीकपणा हिरावून घेत होता. व्यंगापेक्षा उपचाराचा जोर अधिक अपायकारक ठरत होता.

मग किती जोर पुरेसा, हे कसे ठरवायचे? ब्रँड यांनी या प्रश्नाचे उत्तर बाळावरच सोपविले. बाळांना भुकेल्या पोटी घेऊन यायला त्यांनी आयांना सांगितले. दवाखान्यात आईने बाळाला पदराखाली घ्यायचे आणि बाळ दूध पिण्यात रमले की डॉक्टरने पाऊल हातात घेऊन अगदी सावकाश सरळ करायला सुरुवात करायची. बाळ चोखत राहिले, तोवर ठीक. बाळाने चोखणे थांबवून डॉक्टरकडे नजर वळविली, की मर्यादा आली. तिथेच थांबायचे आणि तेवढ्यावर प्लास्टर घालायचे. बाळ रडले, तर डॉक्टर चुकला. काही दिवसांनी प्लास्टर काढायचे आणि पुन्हा तेच. दरम्यानच्या काळात पेशी नव्या स्थितीशी जुळवून घेत आणि पाऊल आणखी थोडे वळायला राजी होई.

भूल देऊन हे काम एका दमात उरकता आले असते. ब्रँड यांनी ते मुद्दाम टाळले. भूल दिली की बाळाची तक्रार बंद होते आणि डॉक्टरला अडविणारे कोणी उरत नाही. वेदना ही उपचारातली अडचण नसून डॉक्टरची मार्गदर्शक आहे, हा विचार त्यांच्या मनात प्रथम रुजला तो असा.

बधिर हातांचे कोडे

१९४७ मध्ये ब्रँड चिंगलपेट येथील कुष्ठरुग्णालयात कॉक्रेन यांना भेटायला गेले. आवारात फिरताना त्यांना सर्वत्र आकसून नख्यांसारखे वाकलेले हात दिसले. एका रुग्णाशी त्यांनी हस्तांदोलन केले तेव्हा त्याची पकड इतकी जबर निघाली, की डॉक्टरांनाच कळ आली. हात निकामी दिसत होता, पण त्यात शक्ती होती. अशा हातांवर अस्थिशल्यविशारदांनी काय काम केले आहे, याची चौकशी केली असता कोणीच काही केलेले नाही, असे कळले. कोट्यवधींना ग्रासणाऱ्या रोगाच्या व्यंगांकडे त्या शास्त्राने पाहिलेच नव्हते.

ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास सुरू केला. कुष्ठरोगाने हातातील ठरावीक मज्जातंतूच निकामी होतात आणि कोपरापुढचे बरेच स्नायू शाबूत राहतात, हे त्यांच्या लक्षात आले. मग सशक्त स्नायूची शीर सोडवून ती दुबळ्या बोटांना जोडण्याची शस्त्रक्रिया त्यांनी बसविली. ताठलेली बोटे शस्त्रक्रियेपूर्वी मऊ करण्यासाठी त्यांनी बाळांच्या पावलांचाच धडा गिरविला. थोडेसे सरळ करायचे, छोटे प्लास्टर घालायचे, पुन्हा थोडेसे. वेल्लोरमध्ये या कामासाठी हात संशोधन विभाग सुरू झाला. सुरुवातीला कुष्ठरुग्ण आल्यास इतर रुग्ण पळून जातील, अशी भीती रुग्णालयातही होती. विश्वास बसायला काळ जावा लागला.

दुसरे कोडे अधिक गहन होते. बोटे झडतात कशी? कुष्ठरोगाने मांस सडते, असे डॉक्टरही मानत. ब्रँड रुग्णांच्या दिनक्रमाचे बारकाईने निरीक्षण करू लागले. एकदा गंजलेल्या कुलपाची किल्ली त्यांना फिरेना. एका मुलाने पुढे होऊन ती सहज फिरविली. जमिनीवर रक्त ठिबकल्यावर पाहिले, तर किल्लीने त्या मुलाचे बोट हाडापर्यंत कापले होते आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. कोणी चुलीतला पदार्थ हाताने काढत होते, कोणी जखमी पायावर मैलोन्मैल चालत होते. रात्रीतून बोटाचा तुकडा नाहीसा होण्याच्या घटनांचा छडा लावता, झोपेत उंदीर बोटे कुरतडतात आणि रुग्ण जागाही होत नाही, असे आढळले. मग रुग्णांना सोबतीला मांजरे देण्यात आली.

रोग मांस सडवत नव्हता. तो वेदना हिरावून घेत होता आणि मग रोजचे जगणेच शरीराची झीज करीत होते. याचा अर्थ ही हानी टाळता येण्यासारखी होती. पायांच्या जखमा औषधाऐवजी प्लास्टरने बऱ्या होतात, हे ब्रँड यांनी दाखवून दिले. पायाला सर्व बाजूंनी नीट टेकेल असे प्लास्टर घातले की चालतानाचा भार विभागला जातो आणि जखमेला विश्रांती मिळते. त्यापाठोपाठ मऊ रबराच्या चपला आल्या. मायक्रोसेल्युलर रबराच्या अशा चपला आजही महाराष्ट्रात कुष्ठरुग्णांना दिल्या जातात.

बरा झालेला भिकारी

शस्त्रक्रियेने सरळ झालेले हात घेऊन घरी गेलेला एक सुरुवातीचा रुग्ण काही काळाने खंगून परत आला. हात सुधारल्यामुळे त्याला भीक मिळेना आणि चट्ट्यांमुळे कोणी कामही देईना. हाताचा उपयोग करण्याची संधी नसेल तर हात देऊन काय साधले, हा प्रश्न ब्रँड यांच्यापुढे उभा राहिला. गवंडी आणि सुतार म्हणून घालविलेली वर्षे इथे कामाला आली. १९५१ मध्ये वेल्लोरच्या आवारात रुग्णांसाठी छोटी वसाहत उभी राहिली. तिथे शस्त्रक्रिया झालेले तरुण लाकडी खेळणी आणि वस्तू बनवायला शिकले. बधिर हाताने हत्यार कसे धरावे, हे स्वतः ब्रँड शिकवीत.

याच वर्षांत महाराष्ट्रातही असे प्रयोग आकार घेत होते. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ पासून, अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ पासून काम चालविले होते आणि बाबा आमटे वरोऱ्याजवळ आनंदवनाची पायाभरणी करीत होते. कोणाची प्रेरणा गांधीविचाराची, कोणाची ख्रिस्तावरील श्रद्धेची. रुग्णाला दयेऐवजी काम हवे, या निष्कर्षावर मात्र सारे वेगवेगळ्या वाटांनी पोहोचले. मुंबईत जे. जे. रुग्णालयातील डॉ. नोशिर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांवरील पुनर्रचनात्मक शस्त्रक्रियांना प्रतिष्ठा मिळवून दिली.

टाचेतील सुई

१९५० च्या दशकातील एका परदेश दौऱ्यात ब्रँड आजारी अवस्थेत लंडनला पोहोचले. आगगाडीच्या लांबच्या प्रवासानंतर रात्री मोजे काढताना आपल्या टाचेला स्पर्श कळत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. सुई टोचली, वेदना झाली नाही. कुष्ठरुग्णांमध्ये वावरणाऱ्या डॉक्टरला याचा एकच अर्थ सुचला. सारी रात्र त्यांनी पुढच्या आयुष्याचा विचार करीत जागून काढली. पत्नी आणि मुलांपासून दूर राहावे लागेल, सहकारी बिचकतील, शस्त्रक्रिया थांबेल. सकाळी त्यांनी पुन्हा सुई टोचली आणि कळ मस्तकात गेली. अवघडून बसल्यामुळे नस दबली होती, इतकेच. वेदना झाल्याचा एवढा आनंद त्यांना आयुष्यात कधी झाला नव्हता. पुढे ते वेदनेला देणगी मानू लागले, त्यामागे ही रात्र होती.

अदिस अबाबा ते कारव्हिल

१९५५ मध्ये वेल्लोरजवळ करिगिरी येथे कुष्ठरोग संशोधन केंद्र सुरू झाले आणि तिथे देशोदेशीचे डॉक्टर शिकायला येऊ लागले. १९५२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने ब्रँड यांना हंटेरियन प्राध्यापकाचा मान दिला. १९६० मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. पण हे ज्ञान आफ्रिकेत पोहोचणे आवश्यक होते. १९६५ मध्ये इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा येथे संपूर्ण आफ्रिकेसाठी ‘अलर्ट’ हे कुष्ठरोग पुनर्वसन आणि प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या उभारणीत ख्रिस्ती सेवासंस्थांबरोबर ब्रँड यांचाही सहभाग होता. वेल्लोरमध्ये सिद्ध झालेल्या पद्धती तिथून आफ्रिकेतील डॉक्टरांपर्यंत गेल्या.

इथिओपियाने त्यानंतर बरेच भोगले. १९७४ मध्ये सम्राट हैले सेलासी यांची सत्ता उलथली. १९९१ पर्यंत यादवी युद्ध चालले. २०२० ते २०२२ या काळात टिग्रे प्रांतात पुन्हा रक्तपात झाला. अशा देशात क्लबफूटचे बाळ जन्मले तर त्याची गाठ पहिल्यांदा पडते ती बंद रस्त्यांशी. दर आठवड्याला प्लास्टर बदलण्याची शिस्त युद्धात पाळता येत नाही आणि उपेक्षित पाऊल मूल चालू लागले की अधिकच वेडेवाकडे होते. तरीही अदिस अबाबात ‘क्युअर’ या ख्रिस्ती संस्थेचे मुलांचे अस्थिरुग्णालय उभे राहिले आहे. सरकारे बदलली, तरी श्रद्धेने बांधलेली माणसे आणि त्यांनी शिकविलेले स्थानिक डॉक्टर टिकून राहिले, की उपचारही टिकतो, असे या देशाचा अनुभव सांगतो.

१९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेतील लुइझियाना राज्यात कारव्हिल येथील सरकारी कुष्ठरुग्णालयात पुनर्वसन विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले आणि वीस वर्षे तिथे राहिले. बधिर हातांसाठी कृत्रिम वेदना निर्माण करण्याचा प्रयोगही त्यांनी तिथे करून पाहिला. दाब वाढला की इशारा देणारी यंत्रणा बसविलेले हातमोजे तयार झाले. प्रयोग फसला. इशारा त्रासदायक वाटला, की माणसे ती यंत्रणा बंद करून टाकीत. खरी वेदना बंद करता येत नाही, म्हणूनच ती कामाची आहे, हे त्यातून पुन्हा सिद्ध झाले.

त्यांच्या कामाचा सर्वांत मोठा लाभ मात्र कुष्ठरोगाबाहेरच्या रुग्णांना झाला. मधुमेहात पायांची संवेदना जाते आणि साध्या चपलेच्या घर्षणाने झालेली जखम पाय कापण्यापर्यंत नेते. कुष्ठरुग्णांसाठी वापरलेले प्लास्टर आणि पादत्राणे ब्रँड यांनी या रुग्णांसाठी वापरली. रोज पाय पाहा, तळवा तपासा, अनवाणी फिरू नका, हा सल्ला आज अंधेरी किंवा बोरिवलीतील कोणत्याही मधुमेहतज्ज्ञाकडे ऐकायला मिळतो. त्यामागे वेल्लोरमधील निरीक्षणे आहेत.

दरम्यान त्यांच्या आईने आपला वेगळा इतिहास घडविला होता. मिशनने निवृत्त केल्यावरही एव्हलिन परतल्या नाहीत. एकेका टेकडीवर स्वतंत्रपणे काम करीत त्या तट्टावरून फिरत राहिल्या. १९७४ मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि कोल्ली टेकड्यांत पतीशेजारीच त्यांचे दफन झाले. पॉल ब्रँड यांनी निवृत्तीनंतरची वर्षे सिएटल येथे घालविली. ८ जुलै २००३ रोजी त्यांचे तिथे निधन झाले. त्यांची ‘क्लिनिकल मेकॅनिक्स ऑफ द हँड’ आणि ‘पेन : द गिफ्ट नोबडी वॉन्ट्स’ ही पुस्तके आजही वाचली जातात.

आठवड्याचे प्लास्टर

क्लबफूटच्या इतिहासात नाव झाले ते पोन्सेती यांचे आणि ते योग्यच आहे. स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या सैन्यात जखमींवर उपचार करून निर्वासित झालेल्या या डॉक्टरने पावलाची अचूक शरीररचना मांडली आणि प्रत्येक टप्पा निश्चित केला. तरीही जगाने त्यांचे म्हणणे मानायला १९९० चे दशक उजाडावे लागले. तोवर कापाकापीवरच भर होता. त्यांच्या पद्धतीत साधारणपणे पाच ते सात प्लास्टर लागतात. बहुतेक मुलांच्या टाचेमागची शीर जागा बधिर करून छोट्याशा छेदाने मोकळी केली जाते. त्यानंतर दोन बूट एका पट्टीने जोडलेले असतात ते घालावे लागतात, पहिले तीन महिने जवळपास पूर्ण दिवस आणि पुढे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपेत. या पट्टीचा उगम ब्रँड यांचे लंडनमधील वरिष्ठ डेनिस ब्राउन यांच्या रचनेत आहे. बळाची रीत मागे पडली, पट्टी मात्र उपयोगी ठरली.

महाराष्ट्रातही हा उपचार आता दुर्मीळ राहिलेला नाही. मुलांच्या जन्मजात व्यंगांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला आणि त्यात क्लबफूटचा समावेश आहे. परळच्या वाडिया बालरुग्णालयासारख्या ठिकाणी असे उपचार होतात. सेवाभावी संस्थाही मदतीला आहेत. श्रद्धेतून चाललेल्या कामाची परंपरा उपनगरांनाही नवी नाही. वर्सोव्यातील विमला डर्माटॉलॉजिकल सेंटरमध्ये ख्रिस्ती भगिनी कुष्ठरुग्णांची शुश्रूषा करीत आल्या आहेत.

अडचण उरते ती पट्टीची. पाऊल सरळ झाले, आता कशाला, असे म्हणून घरची मंडळी बूट कपाटात ठेवतात आणि पाऊल पुन्हा वळू लागते. कुणाची रोजंदारी बुडते, कुणाला दर आठवड्याला तान्ह्या मुलासह लोकलची गर्दी झेपत नाही, कुणाला सासरी बोलणी ऐकावी लागतात. एका दिवसात पाऊल सरळ करणारा डॉक्टर सापडला असता, तर त्या आईला तोच हवा असता. ब्रँड यांनी नेमका तोच मोह टाळला होता. वेल्लोरच्या दवाखान्यात आईच्या कुशीत दूध पिणाऱ्या बाळाने चोखणे थांबविले की ते हात मागे घेत आणि उरलेले काम पुढच्या खेपेसाठी ठेवत. लोकलमधल्या त्या आईच्या मांडीवरचे बाळ प्लास्टरसह निश्चिंत झोपलेले दिसले, तर डॉक्टरचा हात योग्य जागी थांबला होता, असे समजावे.